शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या?

उज्ज्वला कुठलीही गोष्ट बघायला बसली की तिला आधी एकच माहिती लागायची: यातला वाईट कोण? तेवढं कळलं की पुढचं काम सोपं. मग हात साडीवर टिकल्या चिकटवत राहायचे आणि तोंड त्या वाईट माणसाचा उद्धार करत राहायचं. सुरतेत बमरोलीतल्या त्यांच्या खोलीत शेठकडून साड्यांचं पोटलं यायचं, गोंदाची वाटी मध्ये ठेवून मायलेकी समोरासमोर बसायच्या आणि सायलीचा फोन डाळीच्या डब्याला टेकवलेला असायचा. बाहेर लूमची खटखट दिवसभर चालू, त्यामुळे आवाज मोठा ठेवावा लागे. शिव्याही त्याच हिशोबाने मोठ्याने दिल्या जात.

पूर्वी सासू-सुनांच्या मालिका होत्या तेव्हा काही अडचण नव्हती. डोळ्यांत भरपूर काजळ आणि पाठीमागे ढँढँ वाजलं की ओळखावं, हीच ती. पण कॉलेजात गेल्यापासून सायलीला जपानी मालिकांचं वेड लागलं. आईने एकदा "कार्टून" म्हटलं तर ती दोन दिवस गाल फुगवून बसली. "कार्टून नाही मम्मी, ॲनिमे. मोठ्या माणसांचं असतं." मोठ्या माणसांचं म्हणजे काय, तर भरपूर अंधार आणि भरपूर रडारड, असं उज्ज्वलाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. तरी हिंदीत बोलत होते सगळे, म्हणून बघायला लागली. आणि बघायला लागली ती अडकलीच.

गोष्ट होती एका शहराची, जिथे कित्येक वर्षं सूर्य उगवलाच नव्हता. तिथली पोरं कंदील घेऊन रस्त्यांवर पहारा द्यायची. त्यातला हिसाओ नावाचा पोरगा आपला नायक. एका बुरखेवाल्या माणसाने त्याचं गाव जाळलं, आईबाप त्यात गेले. झालं, उज्ज्वलाला वाईट माणूस मिळाला. "मेल्या, तुझ्या घरावर नांगर फिरो," इथपासून तिने सुरुवात केली. पहिला सगळा सीझन त्या बुरखेवाल्याच्या नावाने बोटं मोडण्यात गेला.

दुसऱ्या सीझनमध्ये निघालं भलतंच. हिसाओला लहानाचा मोठा करणारी म्हातारी गुरुबाई, जिच्याकडे बघून उज्ज्वलाचे डोळे भरून यायचे, तिला गाव जळणार हे आधीच ठाऊक होतं. ठाऊक असून ती गप्प बसली होती. उज्ज्वलाच्या हातातली टिकली साडीऐवजी स्वतःच्या अंगठ्यालाच चिकटली.

"म्हणजे ही वाईट? आणि मी हिला देवी म्हणत होते?"

"मम्मी, यात फुल टाइम व्हिलन कुणीच नाहीये," सायली म्हणाली. "नंबर लागलाय सगळ्यांचा. पाळीपाळीने होतात."

"असं कसं? कुणीतरी एक वाईट पाहिजेच. नाहीतर माणसाने शिव्या द्यायच्या कुणाला?"

हे ती गमतीने म्हणत नव्हती. दिलेल्या शिव्या वाया गेल्या की तिला खरोखर चुकल्यासारखं व्हायचं. तिने सासूला, शोभाबाईंना विचारलंसुद्धा, की चुकीच्या माणसाला शाप दिला गेला तर परत कसा घ्यायचा. शोभाबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. फोनमधलं त्यांना काही दिसत नव्हतं, पण सुनेचं तोंड मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. "चूळ भर आन टाकी दे," त्या म्हणाल्या. उज्ज्वला मोरीत जाऊन खरंच चूळ भरून आली.

पण तिच्या स्वतःच्या आयुष्यातली वाईट बाई कोण, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती होती तिची थोरली जाऊ, छाया. छाया आणि तिचा नवरा काशिनाथ कोसाडला राहायचे. काशिनाथ म्हणजे उज्ज्वलाच्या नवऱ्याचा, वाल्मिकचा, सख्खा मोठा भाऊ. एका शहरात राहून चार वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं, आणि ते उज्ज्वलाने बंद केलं होतं.

कारणही तसंच होतं. तिची धाकटी बहीण सुषमा हिला छायाच्या माहेरचं, तिच्या मावशीच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, बोलणी झालेली, साखरपुड्याची साडीसुद्धा घेऊन झाली होती. सुषमाला लहानपणी फिट यायची. मोठी झाल्यावर ती थांबली, औषधही थांबलं. हे माहेरच्या माणसांखेरीज फक्त छायाला ठाऊक होतं, कारण उज्ज्वलानेच कधीतरी पापड लाटता लाटता विश्वासाने सांगितलं होतं. साखरपुड्याच्या तोंडावर मुलाकडून निरोप आला: मुलीला फिट येते असं कळलं, आम्हाला जमणार नाही. आता हे कळलं कुठून, यासाठी पंचांग बघायची गरज नव्हती. उज्ज्वला कोसाडला गेली, छायाच्या दारात उभी राहून गल्ली ऐकेल असं बोलली आणि परत आली. त्या दिवसापासून त्या दारात तिने पाऊल टाकलं नाही.

पुढे सुषमाचं लग्न झालं, कामरेजला, चांगलं झालं. पहिल्याच भेटीत तिने मुलाला स्वतःच फिटीचं सांगून टाकलं, त्यावर उज्ज्वलाने कपाळावर हात मारला होता. पण तो मुलगा हो म्हणाला. संसार छान चालला होता, दीड वर्षाची पोर होती. म्हणजे नुकसान तसं काही राहिलं नव्हतं. पण राग असा नुकसान भरून निघालं म्हणून जातो थोडाच? तो रोज थोडं तेल घालून जपावा लागतो, आणि उज्ज्वला जपत होती.

या सगळ्याचा सर्वांत जास्त त्रास व्हायचा तो श्रावणात, कानबाई बसायच्या वेळी. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसांनी गाव सोडलं, शेत सोडलं, पण कानबाई काही सोडली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी सजवून बसवायची, दुसऱ्या दिवशी तापीत नेऊन बोळवायची. आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ धान्य काढायचं, ते दळून त्याचे रोट करायचे. ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला एक तुकडा द्यायचा नाही, उरवायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. ज्याच्या नावाची मूठ, त्याने येऊन खाल्लंच पाहिजे.

चार वर्षं शोभाबाई फक्त वाल्मिकच्या नावाची मूठ काढत होत्या. थोरल्या लेकाचं नाव ओठांवर यायचं, ते गिळायच्या. डोळे पुसायच्या आणि धूर लागला म्हणायच्या. त्या वेळी चूल पेटलेली नसायची, हे उज्ज्वलाला दिसायचं. पण तीही धुराचंच खरं धरायची.

या वर्षी शनिवारी सकाळी शोभाबाई म्हणाल्या, "मना हात कापतस. माले मूठ भरता येत नही. यंदा तू काढ."

हात कापतात म्हणणाऱ्या या बाईने आदल्याच दिवशी सुईत दोरा ओवला होता. पण उज्ज्वलाच्या ते ध्यानात आलं नाही. तिला उलट मान मिळाल्यासारखं वाटलं. ती न्हाऊन, ओले केस बांधून, नवी टोपली पुढे घेऊन बसली. आणि नेमका त्याच सकाळी तिसऱ्या सीझनचा तो एपिसोड आला होता, ज्यात बुरखा निघणार होता.

"मम्मी, आपण नंतर बघू," सायली म्हणाली.

"तू लाव. मी काही बघत नाही, नुसती ऐकते. माझं लक्ष धान्याकडे आहे."

धान्याकडे हाताचं लक्ष होतं. कानांचं लक्ष हिसाओकडे होतं. त्याने बुरखेवाल्याला पुलावर गाठलं होतं आणि कंदील त्याच्या तोंडासमोर धरला होता. उज्ज्वलाने मूठ भरली. ती नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हापासून दर श्रावणात सासूच्या तोंडून जी नावं ज्या चालीत ऐकली होती, तीच चाल तिच्या तोंडाने आपसूक धरली. थोरल्याचं नाव आधी, मग धाकट्याचं, मग थोरल्याच्या मुलाचं.

"काशिनाथची सव्वा मूठ. वाल्मिकची सव्वा मूठ. अमोलची सव्वा मूठ."

फोनमध्ये बुरखा खाली पडला. आतून निघाला एक साधा, थकलेला, अर्धं टक्कल पडलेला माणूस, मिलच्या दारात शिफ्ट सुटताना शेकड्यांनी दिसतात तसला. तो हिसाओला सांगत होता की तुमच्या गावाच्या विहिरीत रोग उतरला होता, मी गाव जाळलं नसतं तर सगळं शहर मेलं असतं, आणि मी त्यानंतर एक रात्रही झोपलो नाही. उज्ज्वला "अगं बाई!" म्हणाली आणि तिचा हात टोपलीवरच थांबला. मग तिला कळलं की खोलीत कुणीच तिच्यासारखं "अगं बाई" म्हणत नाहीये. सायली तिच्याकडे बघत होती. शोभाबाई टोपलीकडे बघत होत्या.

"मी काय म्हटलं आत्ता?" उज्ज्वलाने विचारलं.

"काकांचं नाव घेतलंस. अमोलदादाचंपण," सायली म्हणाली.

उज्ज्वलाने टोपलीत हात घातला. पण सगळं धान्य एकत्र झालं होतं, त्यातलं कोणतं काशिनाथचं आणि कोणतं वाल्मिकचं ते आता देवीलाच माहीत.

"हात काढ," शोभाबाई म्हणाल्या. कापणारा आवाज होता, पण हुकमाचा. "नाव लिधं ते लिधं. कानबाईनी तुना तोंडमाईन वदाडं. आते त्यास्ले बलाव."

"कानबाईने नाही वदवलं, आत्याबाई. त्या मेल्या फोनने वदवलं!"

"कोनी का वदाडं ना. रोट त्यास्नाच पोटमा जावाले पाहिजे."

उज्ज्वला ओल्या केसांनी तशीच बसून राहिली. बोलवावं, तर चार वर्षांचा राग आपल्याच हाताने मातीत घालायचा आणि त्या बाईला आपल्याच घरात पाटावर बसवायचं. न बोलवावं, तर भाऊबंदांच्या नावाचे रोट देवीसमोर उरणार. असलं पाप डोक्यावर घेऊन ती तापीवर देवी बोळवायला कुठल्या तोंडाने गेली असती? मोरीत जाऊन चूळ भरण्याने हे मिटणारं नव्हतं.

संध्याकाळी मिलमधून वाल्मिक आला. तो घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामाला होता आणि स्वभावानेही घडी घातलेलाच माणूस. त्याला सांगितलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला. पण चहा पिताना त्याने कपाचा कान दोनदा पुसला आणि मग कुणी न सांगता पंख्यावरची जळमटं काढायला स्टुलावर चढला. दिवाळीलासुद्धा त्याला त्यासाठी तीन वेळा सांगावं लागे.

"फोन कोण करणार?" उज्ज्वला म्हणाली. "माझ्याकडे नंबरपण नाही."

"माझ्याकडे आहे ना," सायली म्हणाली आणि जीभ चावली. मग हळूच खरं सांगितलं. अमोल आणि ती, चुलत बहीण-भाऊ, तीच मालिका रोज बघायचे आणि त्यावर रोज बोलायचे. अमोल हिऱ्याच्या कारखान्यात होता. सुट्टी झाली की त्याचा मेसेज यायचा. गेली दोन वर्षं हे चाललं होतं.

उज्ज्वलाने लेकीकडे बघितलं. ओरडायला तोंड उघडलं आणि तिला वाटलं, या घरात आपल्याला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं की काय. "कर फोन," ती म्हणाली. "पण मी बोलणार नाही. रोटाचं आहे म्हणून सांग."

रविवारी देवी बसली. नारळाला नथ घातली, डोळे लावले, हिरवं पातळ नेसवलं, आणि खोलीभर उदबत्तीचा वास झाला. दिवेलागणीला कोसाडची माणसं आली. काशिनाथ दारातच आईच्या पाया पडला आणि बराच वेळ उठला नाही. छाया मागे उभी होती, हातात फुलांची पुडी. केस पांढरे झाले होते तिचे. उज्ज्वलाने "या" म्हटलं ते नक्की कुणाला, ते तिने मोघमच ठेवलं. छायाने देवीला फुलं वाहिली, पदर खोचला आणि विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ गंगाफळाची भाजी हलवायला लागली. खाली लागत होती भाजी. उज्ज्वलाला ते तिच्याआधी दिसायला हवं होतं, म्हणून तिला आणखी राग आला.

मग सगळे जेवायला बसले. ताटात रोट, खीर, भाजी. एवढ्या माणसांच्या फक्त चावण्याचा आवाज येत होता. तो सहन न होऊन अमोल म्हणाला, "काकू, सायली सांगत होती, तुम्ही आमची मालिका बघता. बुरखेवाल्याला लई शिव्या दिल्या म्हणे तुम्ही."

"मग काय करू? आधी कळायला नको का तो तसा आहे ते?"

अमोल हसला. हसता हसता त्याच्या तोंडून गेलं, "आमच्या घरात बुरखेवाल्या तुम्हीच होता, काकू."

काशिनाथने "अमोल!" म्हणून दटावलं. पण व्हायचं ते झालं होतं. उज्ज्वलाचा घास हातातच राहिला. या चार वर्षांत तिला एकदाही वाटलं नव्हतं की कोसाडलाही एक गोष्ट चालू असेल आणि तिथे दुसरंच कुणीतरी वाईट असेल.

"मी?" ती म्हणाली. "मी काय केलं?"

छायाने ताटातून वर बघितलं. "तू माझ्या माहेराला फसवायला निघाली होतीस. तेही माझ्या हातून. स्थळ मी आणलेलं. उद्या काही निघालं असतं तर मावशी माझ्याच दारात आली असती ना, की छाया, तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलीस?"

"म्हणून तुम्ही आपणहून जाऊन सांगितलं."

"आपणहून नाही. मावशीने मला देवासमोर उभं केलं, माझा हात धरला आणि विचारलं, पोरीला फिट येते का? खोटं नाही बोलता आलं मला. एवढंच केलं मी."

"पण तिने तेच कसं विचारलं? फिट हा शब्द तिला कुणी दिला?"

काशिनाथने भावाकडे बघितलं. वाल्मिकचे कान लाल झाले होते. त्याने खिरीच्या वाटीत डोकं घालायचं तेवढं बाकी होतं.

"मी नानाला म्हटलं होतं," तो शेवटी थोरल्या भावाकडे मान करून म्हणाला. "असं लपवून पोर देऊ नये म्हणून. तुला म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून नानाला म्हटलं."

"आणि मी मावशीला म्हटलं, छायाला विचारा," काशिनाथ म्हणाला.

उज्ज्वलाने आता शिव्या द्यायला नवऱ्याकडे मोर्चा वळवला. चार वर्षं हा माणूस शेजारी झोपला, तिने छायाचा उद्धार केला की मान डोलावत राहिला, आणि आज जळमटं काढतो! पण तो असा काही मान खाली घालून बसला होता की पहिला शब्दच तिच्या तोंडातून फुटेना. शिवाय तो म्हणाला ते खोटं नव्हतं. त्याला तिला सांगायची भीती वाटली, हेही खोटं नव्हतं. कोसाडच्या गल्लीला तिचं तोंड माहीत होतं, मग घरच्या माणसाला नसेल?

तरी एक गोष्ट होती जी यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हती, आणि ती सांगितल्याशिवाय तिला घास गिळवेना.

"तिला फिट यायची ना," ती म्हणाली, "तेव्हा आई शेतात असायची. तिचं डोकं माझ्या मांडीवर असायचं. तोंडाला फेस यायचा, डोळे वर जायचे, आणि मीच केवढीशी होते. दर वेळी वाटायचं, गेली आता. ती शुद्धीवर आली की मी तिला सांगायची, कुणाला कळू देणार नाही मी. मग मी लपवणार नाही तर कोण लपवणार?"

छायाने खिरीची वाटी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाली, "खरं आहे तुझं. पण मला परत विचारलं तर मी परत तेच सांगेन, उज्ज्वला."

"आणि मी परत लपवेन."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शोभाबाईंना वाटलं, आता ताटं उडणार. त्या घाईने म्हणाल्या, "खा व माय, थंड व्हयना ते." पण ताटं काही उडाली नाहीत. उज्ज्वलाला आपल्या आत राग शोधावा लागला, आणि तो नेहमीच्या जागी सापडेना. त्याऐवजी तिला सणसणीत भूक लागली होती. तिने रोट मोडला. समोर छायानेही मोडला.

सगळे रोट संपले. शेवटचा तुकडा अमोलने दुधात कुस्करून खाल्ला आणि पुढच्या भागात हिसाओचं काय होतं ते सांगायला लागला, तेव्हा काकूने त्याला दम भरला की खबरदार. पुरुष मंडळी उठून बाहेर गेली. शोभाबाई देवीसमोर आडव्या झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की जणू हे सगळं त्यांनीच घडवून आणलं. थोडंफार आणलंही होतं.

"सुषमाची पोरगी कशी आहे?" छायाने विचारलं.

उज्ज्वलाने फोन काढला. छायाचे हात तुपाचे होते, म्हणून तिने स्वतःच फोन तिच्यासमोर धरला आणि एकेक फोटो सरकवू लागली. पोर झोळीत, पोर बादलीत, पोर बापाच्या खांद्यावर. छाया निरखून बघत होती.

"हिला नाही ना आईसारखं काही?"

फोटो सरकवणारं बोट थांबलं. हा प्रश्न आजपर्यंत उज्ज्वलाला कुणीही विचारला नव्हता, आणि कुणी विचारला असता तर उत्तर ठरलेलं होतं: छे, अगदी ठणठणीत आहे. तिने दाराकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"एकदा आली, ताई. ज्येष्ठात, ताप डोक्यात गेला तेव्हा. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात होतं असं, घाबरू नका. पण तेव्हापासून मला माझ्या मांडीवरची सुषमाच दिसते. सुषमालाही बोलले नाही मी." ती थांबली. "कुणाला सांगू नका."

"कुणी विचारलं तर सांगेन हं," छाया म्हणाली.

"माहीत आहे मला," उज्ज्वला म्हणाली, आणि तिला पुढचा फोटो दाखवला.